घर वारशात मिळतं, बिऱ्हाड नाही

अब्बांच्या निधनाला दोन वर्षं झाली. तेव्हापासून कोल्हापुरातली ओळखीची माणसं भेटली की एकच प्रश्न विचारतात, "मग कोकणात कधी जाताय?" राजापूर तालुक्यातलं आमचं घर आता 'माझ्या नावावर झालं', असा सगळ्यांचा समज आहे. अब्बांना मुलगा एकटा मीच. मी इथे भाड्याच्या घरात राहतो आणि तिकडे चिऱ्याचं, कौलारू, विहीर असलेलं आणि मागे आठ नारळ उभे असलेलं घर आहे. लोकांच्या मते यात विचार करण्यासारखं काही नाही. फुकटचं घर सोडून भाडं भरत बसणारा माणूस त्यांना खुळा वाटतो.

मला मात्र हा प्रश्नच उलटा विचारला जातोय असं वाटतं. 'जायचं की नाही' हे सर्वांत शेवटी ठरवायचं असतं. त्याआधी विचारायचे प्रश्न आपल्या समाजात बहुतेक घरांत विचारलेच जात नाहीत, आणि त्यांची उत्तरं न शोधता माणसं एक तर बिऱ्हाड हलवतात, नाहीतर घर विकून टाकतात. आमच्या घरात ही चर्चा वर्षभर चालली. तिच्यातून माझं जे मत तयार झालं ते इथे मांडतो. तपशील आमचे आहेत, पण अडचण बऱ्याच जणांची आहे.

पहिला प्रश्न असा की घर कोणाचं?

अब्बा 1974 साली घाट चढून कोल्हापुरात आले आणि एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहू लागले. आजोबा गेले 1989 साली. दादी त्यांच्या आधीच गेली होती. मागे राहिले अब्बा आणि त्यांची एक बहीण, म्हणजे माझी फुफी. आजोबांच्या तरक्याची वाटणी तेव्हा झाली नाही. कोणी मागितली नाही आणि कोणी दिली नाही. पुढे तीनेक वर्षांत फुफी विधवा झाली आणि त्याच घरी परत आली. गेली तीस वर्षं ती तिथे राहते. घरपट्टी तीच भरते, दर उन्हाळ्यात कौलं तीच चाळून घेते, विहिरीचा गाळ तीच काढून घेते. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर मात्र अजून आजोबांचंच नाव आहे.

आता हिशेब करू. सूरह निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतींत वाटे ठरवून दिलेले आहेत. आजोबांना एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाला दोन, मुलीला एक. म्हणजे घराचा एक तृतीयांश वाटा 1989 सालापासूनच फुफीचा आहे. उरलेला दोन तृतीयांश अब्बांचा. अब्बांच्या मागे अम्मी, मी आणि माझ्या दोन बहिणी. अपत्यं असताना पत्नीला आठवा हिस्सा मिळतो, तो अम्मीचा. बाकीच्याचे चार भाग. त्यांतले दोन माझे आणि एकेक बहिणींचा. अपूर्णांक टाळायचे तर घराचे 48 वाटे करावेत. फुफीचे 16, अम्मीचे 4, माझे 14, आणि दोन्ही बहिणींचे 7-7. एकूण 48.

ज्याला सगळे 'तुझं घर' म्हणतात त्यात माझे 48 पैकी 14 वाटे आहेत, तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. सर्वांत मोठा वाटा फुफीचा. चार बायकांचे मिळून 34 वाटे होतात. तरीही गेल्या दोन वर्षांत त्या चौघींपैकी एकीलाही कोणी विचारलं नाही की, "मग, घराचं काय करणार आहात?"

आम्ही कोकणी असल्यामुळे शाफई. कोल्हापुरातले बहुतेक मुसलमान हनफी. अस्रची वेळ, नमाजमध्ये आमीन मोठ्याने म्हणायचं की मनात, यावर आपल्याकडे वाद घालणारे पुष्कळ सापडतात. पण वर दिलेल्या वाट्यांत शाफई आणि हनफी यांच्यात काडीचाही फरक नाही. ज्या बाबतीत दोन्ही मजहब एकमत आहेत, नेमकी तीच बाब सर्वांत कमी पाळली जाते.

कायदाही याच बाजूने आहे. 1937 च्या शरियत अर्जी कायद्याने मुसलमानांच्या वारसाहक्काला त्यांचा व्यक्तिगत कायदा लागू केला. त्याच्या कलम 2 मधून शेतजमीन वगळलेली आहे, पण राहतं घर त्यात येतं. मुस्लीम कायद्यात हिंदू एकत्र कुटुंबासारखी कल्पना नाही. माणसाने डोळे मिटले त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा त्याचा त्याचा होतो. त्यासाठी कोणी 'द्यावा' लागत नाही. फेरफार झाला नाही म्हणून हिस्सा जात नाही, आणि फेरफारात एकट्याचं नाव लागलं म्हणून तो एकटा मालक होत नाही. महसुली नोंद हा मालकीचा पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने ताबा समजला जातो. नुसती वर्षं लोटली म्हणून दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. मृत्युपत्र करूनही ही वाटणी सहज मोडता येत नाही. एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र चालत नाही, आणि सुन्नी कायद्यात बाकीच्या वारसांची संमती नसेल तर एखाद्या वारसाच्या नावाने केलेलं मृत्युपत्रही चालत नाही. वाटणीच्या आधी दफनाचा खर्च आणि कर्ज फेडायचं असतं. पत्नीची न दिलेली महर हेही कर्जच. जनाजा दारात असताना बाईला 'महर माफ कर' म्हणायला लावण्याची जी रीत आहे, तिला मी तरी माफी म्हणणार नाही.

एवढं सगळं स्पष्ट असताना प्रत्यक्षात काय होतं? भाऊ बहिणींना तालुक्याला नेतो, हक्कसोडपत्रावर सह्या घेतो, येताना साडी-चोळी करतो आणि सगळं 'प्रेमाने मिटलं' म्हणून सांगतो. माझी मोठी आपा मिरजेला असते. मी विषय काढताच ती म्हणाली, "मला काही नको रे, तूच ठेव." मी तिला म्हटलं, तुझे 7 वाटे म्हणजे आज बाजारभावाने किती होतात ते आधी ऐक, दाजींशी नको, स्वतःशी विचार कर, आणि मग हो किंवा नाही म्हण. आपल्या वाट्याची किंमत माहीत नसताना 'नको' म्हणणं ही संमती होत नाही. माहेर तुटेल ही भीती त्या 'नको'मागे असते. भाऊ म्हणून आपण त्या भीतीचा फायदा घेत असतो आणि त्याला बहिणीचा मोठेपणा म्हणतो. आपाने महिनाभर विचार केला आणि सांगितलं, "हिस्सा ठेवते. विकायचा नाही, पण नावावर असू दे." मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

दुसरा प्रश्न असा की घर चालवतं कोण?

2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,15,069 होती. दहा वर्षांपूर्वी ती 16,96,777 होती. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा घटला. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे तिथे 1,122 स्त्रिया होत्या. कोल्हापुरात हेच प्रमाण 957 होतं. यावरून कोणी रत्नागिरीत मुलींचं भाग्य थोर आहे असा निष्कर्ष काढेल, पण मुख्य कारण वेगळं आहे. पुरुष मुंबईला, पुण्याला, आखातात गेलेले आहेत आणि घरं बायका राखत आहेत. कोकणातलं जे घर आजही उभं आहे, ते बहुधा कुठल्या तरी आईने, बहिणीने किंवा फुफीने उभं ठेवलेलं असतं.

हे मी भावुक होऊन लिहीत नाही. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. तिकडे चिऱ्याचं घर एक पावसाळा बंद ठेवा आणि दिवाळीला उघडून बघा. सरकलेल्या एका कौलातून पाणी वाशात मुरतं, वाशाला वाळवी लागते, वाळवी तुळईवर जाते. दोन-तीन पावसाळ्यांत छप्पर बसतं. पडवीला झड लागू नये म्हणून मे महिन्यातच झावळ्या बांधाव्या लागतात. जळण भरून ठेवावं लागतं. फुफीच्या हाताखाली हे सगळं तीस वर्षं झालं. आमच्या गावातल्या मोहल्ल्यात आखाती पैशातून बांधलेले स्लॅबचे दुमजली बंगलेही आहेत. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, रंगीत काचा आणि वर्षातले अकरा महिने दाराला कुलूप. मे महिन्यात लग्नं असतात तेव्हा ती उघडतात. एरवी जुम्म्याला मशिदीत दोन सफा भरतात, त्यांत बरेचसे साठीच्या पुढचे.

म्हणून आम्ही 'रिकाम्या घरात' राहायला जाणार, हे वाक्यच चुकीचं आहे. ते घर रिकामं नाही. तिथे एक बाई राहते आणि त्या घराची सर्वांत मोठी हिस्सेदारही तीच आहे. पाच माणसांचं बिऱ्हाड घेऊन मी तिथे उतरलो तर फुफी तोंडाने 'या बाळांनो'च म्हणेल. पण दुसऱ्या दिवसापासून तिची चूल माझ्या बायकोची होईल, तिचं माजघर माझ्या मुलांचं होईल आणि ती स्वतःच्या घरात आश्रित होईल. कागदावर तिचे 16 वाटे तसेच राहतील, पण जगण्यातून ते जातील.

तिसरा प्रश्न असा की आपल्याला इथून उठावंसं का वाटतंय?

इथे थोडं मोकळेपणाने बोललं पाहिजे. ज्या घरात आम्ही अकरा वर्षं राहिलो त्याच्या मालकाने करार वाढवायला नकार दिला. त्यांची अडचण खरी होती, त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. नवीन घर शोधायला निघालो तेव्हा दोन ठिकाणी फोनवर सगळं जमलं आणि नाव सांगितल्यावर 'कालच दिलं हो' असं ऐकायला मिळालं. तिसऱ्या ठिकाणी मिळालं, आणि मालकीणबाई भल्या आहेत. पण त्या दोन 'कालच दिलं' नंतर मोबाईलमधला कोकणातल्या घराचा फोटो मी जरा जास्त वेळ बघत बसलो, हे खरं आहे.

त्यात 7 जून 2023 ला समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात जे घडलं ते आम्ही पाहिलं. 14 जुलै 2024 ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरांची आणि मशिदीची जी नासधूस झाली, तीही पाहिली. त्यानंतर नात्यातले एक बुजुर्ग मला म्हणाले, "बेटा, आता आपल्या माणसांत जा. हिजरत समज."

हिजरत हा फार मोठा शब्द आहे. इसवी सन 622 मधली हिजरत हे नुसतं पळून जाणं नव्हतं. मदीनेतल्या लोकांशी आधी करार झाला होता, तिथे कोणत्या कामासाठी जायचं हे ठरलेलं होतं, आणि पोहोचल्यावर तिथल्या वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांशी मिळून राहण्याचा करार झाला. आपल्याच माणसांत लपून बसण्याला हिजरत म्हणणं हा त्या शब्दावर अन्याय आहे. मी कोणाच्या भीतीची टिंगल करत नाही. ज्याच्या दारावर दगड पडला त्याने काय करावं, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. ज्याचं घर जळलं त्याने गाव सोडलं तर त्याला दोष देणारे आपण कोण? पण माझ्या दारावर दगड पडलेला नाही. माझ्या दारासमोर पूर आला तेव्हा मदतीला बोट घेऊन आलेली तालमीची पोरंही मी पाहिलेली आहेत. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. त्या आठवड्यात नाव विचारून कोणी कोणाला बोटीत घेतलं नाही.

शिवाय कोल्हापूर ही माझ्यासाठी काही भाड्याची जागा नव्हे. शाहू महाराजांनी 1906 साली इथे मुस्लीम बोर्डिंग सुरू केलं. मुसलमानांची पोरं शिकावीत म्हणून एका राजाने जातीने लक्ष घातलं ते हे शहर. बाबूजमाल दर्ग्याच्या कमानीवर गणपती कोरलेला आहे, आणि इथल्या तालमींत मोहरमचे पंजे बसतात तेव्हा ते खांद्यावर घेणाऱ्यांत हिंदू घरं पिढ्यान्‌पिढ्या असतात. हे सांगितलं की काही जण म्हणतात, "ते जुनं झालं." जुनं झालं असेल तर ते टिकवायला इथे माणसं लागतील. दोन घरमालकांनी दार बंद केलं म्हणून शाहूंच्या गावावरचा माझा हक्क मी सोडायचा, तर मग बहिणींचं हक्कसोडपत्र आणि हे, यांत फरक काय राहिला? धाकाने लिहून दिलेला हक्क तो हाही आणि तोही.

तेव्हा भीती हे कारण मी बाजूला ठेवलं. ती खोटी आहे म्हणून नव्हे. भीतीपोटी घेतलेल्या निर्णयात पुढे काय करायचं याचं उत्तर नसतं, म्हणून.

चौथा प्रश्न साधा आहे, पण तो टाळला जातो. तिथे खायचं काय?

माझं काम उद्यमनगरातलं. दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशिन यांवर फाउंड्र्यांकडून येणाऱ्या कास्टिंगचं मशिनिंग करतो. हे काम शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीच्या सावलीत जगतं. मी मशिन टेम्पोत घालून अनुस्कुरा घाट उतरवू शकतो, पण माझी गिऱ्हाइकं घाट उतरणार नाहीत. कोणी म्हणतात, तिकडे आंबा-काजू करा. आंबा कलमं लावल्यावर भरवशाचं उत्पन्न यायला वर्षं जातात. दरम्यान फवारणी, राखण, माकडं आणि अवकाळी पाऊस असतोच. जो माणूस पंचेचाळिशीत पहिल्यांदा कोयती हातात धरतो त्याला आंबा श्रीमंत करत नाही.

काही जण वेगळाच हिशेब सांगतात. राजापूर तालुक्याने जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प पाहिला, नाणारची रिफायनरी पाहिली, मग बारसू-सोलगावचं आंदोलन पाहिलं. प्रत्येक घोषणेबरोबर तिथे दलाल फिरतात, कातळाच्या जमिनीलाही भाव येतो आणि घोषणा थंडावली की भावही बसतो. "ठेवून दे, पुढे सोनं होईल," असा सल्ला मला तिघांनी दिला. पण ज्या घरात फुफी राहते ते घर मला सट्ट्यावर लावायचं नाही. एखाद्या वारसाने आपला अविभक्त हिस्सा परक्याला विकला आणि त्या परक्याने वाटपाचा दावा लावला, तर राहत्या घराच्या बाबतीत बाकीच्या हिस्सेदारांना तो हिस्सा ठरवलेल्या किमतीला घेण्याची सोय 1893 च्या वाटप कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे. वाचकांना ती माहीत असावी म्हणून लिहिलं. पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये.

पाचवा प्रश्न सल्लामसलतीचा. आपल्याकडे 'मशवरा' म्हणजे तीन भाऊ, एक मामा आणि चहा. सूरह बकराच्या 233 व्या आयतीत तान्ह्या बाळाचं दूध सोडवायचं तर आईबापाने एकमेकांच्या रजामंदीने आणि सल्ल्याने सोडवावं असं सांगितलं आहे. एका बाळाचं दूध सोडवायला जिथे बाईचं मत लागतं, तिथे अख्खं घर सव्वाशे किलोमीटर दूर, घाटाखाली न्यायला लागणार नाही का?

माझी पत्नी निपाणीची. घरात आम्ही दखनी बोलतो. गावची कोकणी तिला निम्मी कळते. ती एका खासगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, आणि घरात महिन्याच्या एक तारखेला न चुकता येणारा पैसा तिचाच असतो. माझा पैसा फाउंड्रीवाल्याच्या मर्जीवर. मी तिला विचारलं तेव्हा तिने आधी मलाच विचारलं, "अम्मीकू पूछे क्या तुमे?" मग म्हणाली, नोकरी सोडून मी तिथे चूल सांभाळायची असेल तर तसं स्पष्ट सांगा, 'कुटुंबाचा निर्णय' असं नाव देऊ नका. मला तिचं म्हणणं पटलं. स्थलांतराच्या हिशेबात पुरुषाची नोकरी 'अडचण' म्हणून मोजली जाते आणि बाईची नोकरी 'तडजोड' म्हणून.

मुलगी अकरावीला सायन्समध्ये आहे. पुढची दोन वर्षं तिला इथून हलवणं म्हणजे तिच्या पायात खोडा घालणं. मुलगा सहावीत आहे. त्याला विहीर आणि बैलगाडी यांशिवाय कोकणात काही दिसत नाही, त्यामुळे त्याचं मत 'हो' आहे. ते आम्ही नोंदवून घेतलं.

अम्मीचं उत्तर मात्र आम्हा सगळ्यांना अनपेक्षित होतं. ती कोकणातली, तिथे नवरीण म्हणून त्याच घरात आली होती. तिला जायचं असणार असं आम्ही गृहीत धरलं होतं. ती म्हणाली, "तुझे अब्बा बागल चौकात आहेत. मी रोज नाही, पण जुम्म्याला तरी जाऊ शकते ना." तिची शुगर आहे, गुडघे आहेत. पावसात आंबा घाट किंवा अनुस्कुरा बंद पडला तर डॉक्टरकडे न्यायला काय करायचं, हेही तिनेच विचारलं. उलट तिकडचेच लोक मोठं दुखणं निघालं की घाट चढून सीपीआरला येतात, हे ती लहानपणापासून बघत आली आहे. पण शेवटी ती म्हणाली, "नणंदेजवळ चार महिने राहीन. हिवाळ्यात. दोघी म्हाताऱ्या बोलत बसू."

आता काही जण म्हणतील, एवढा खल करण्यापेक्षा इस्तिखारा करायचा. मी केला. पण इस्तिखारा म्हणजे हिशेबाच्या वहीला पर्याय नव्हे. आधी माहिती घ्यावी, माणसांना विचारावं, दोन्ही बाजू मांडाव्यात आणि मग अल्लाहकडे भलाई मागावी, हा क्रम आहे. बहिणीचा वाटा दडपून, बायकोला न विचारता केलेल्या इस्तिखाऱ्यानंतर पडलेलं स्वप्न हे बहुधा आपल्याच मनाचं असतं.

या सगळ्यानंतर आम्ही काय ठरवलं ते सांगतो.

आम्ही जात नाही. कोल्हापुरातच राहणार, भाड्याच्या घरात. पत्नीचा पगार आणि माझा धंदा मिळून इथे एक लहान फ्लॅट होईल तेव्हा होईल.

घर विकायचं नाही, निदान फुफीच्या हयातीत नाही. आधी आजोबांच्या वारसांची नोंद, मग अब्बांच्या वारसांची, अशी पाचही जणांची नावं लावायची. चार बायकांची नावं माझ्या नावाच्या आधी लागली तरी मला चालेल. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मालमत्तापत्रक देण्याची स्वामित्व योजना 2020 पासून सुरू आहे. ज्यांच्या गावात ती मोजणी व्हायची आहे, त्यांनी आधी आपल्या वारसांची नावं लावून घ्यावीत. आजोबांच्या नावावरच पत्रक निघालं तर पुढच्या पिढीचा गुंता वाढेल.

दुरुस्तीचा खर्च वाट्याप्रमाणे करायचा, पण फुफीच्या 16 वाट्यांचा खर्च तिच्याकडून घ्यायचा नाही. तीस वर्षं तिने एकटीने घर राखलं, त्याचा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता. गवंड्याने कौलं, वासे आणि वाळवीची फवारणी धरून जो आकडा सांगितला आहे तो मोठा आहे. दोन उन्हाळ्यांत मिळून करू.

आणि एक गोष्ट आम्हाला कोणालाच सुचली नव्हती. धाकटी बहीण मुंब्र्याला दीड खोलीत राहते. तिचा नवरा कुवेतहून परत आला आहे, एसी आणि फ्रिजचं काम करतो. वाटण्याचं बोलणं निघालं तेव्हा ती हळूच म्हणाली, "आम्ही गेलो तर?" तिच्या नवऱ्याचा धंदा घाट उतरू शकतो, राजापूर-लांज्यात फ्रिज बिघडतातच. तिची मुलं लहान आहेत. आणि फुफीचा तिच्यावर लहानपणापासून जीव आहे. जायचं की नाही ते तिचं तिने ठरवायचं, आणि फुफीने हो म्हटलं तरच. पण सगळं गाव दोन वर्षं मला विचारत होतं आणि ज्या वारसाच्या कामाचं ते घर असू शकतं, तिला कोणी विचारलंच नव्हतं. वारस म्हटला की मुलगा, ही आपली सवय किती महाग पडते याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

माझं मत थोडक्यात असं. पूर्वजांचं घर मिळालं म्हणून तिथे जाऊन राहण्याचं कर्ज आपल्या डोक्यावर येत नाही. तिथे न जाणं म्हणजे मुळं तोडणंही नव्हे. आमचेच पूर्वज बंदरातून गलबतांवर चढले, कोणी मुंबईला गेले, कोणी आफ्रिकेला, अब्बा घाट चढून कोल्हापूरला आले. प्रत्येकाने मागे एक घर सोडलं आणि पुढे एक केलं. जायचं असेल तर कामासाठी जावं, कोणाच्या तरी गरजेसाठी जावं, मनापासून जावं. भीतीने जाऊ नये, फुकट आहे म्हणून जाऊ नये, आणि 'लोक काय म्हणतील' म्हणून तर मुळीच नाही.

आणि जायचं असो वा नसो, वाटणी आधी करावी. तुमच्यापैकी कित्येकांच्या गावी असं एखादं घर असेल, ज्याच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव आहे. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा तो उतारा काढा. एका कागदावर वारसांची नावं लिहा आणि मुलींची नावं गाळू नका. ज्या गेल्या आहेत त्यांच्या मुलांची लिहा. मग वाटे मांडा. अवघड वाटलं तर गावातल्या मौलानांना विचारा, वकिलालाही विचारा, दोघांचं उत्तर जुळतं का बघा. जिच्या वाट्याला जे येतं ते तिला तोंडाने नव्हे, कागदावर द्या. आमच्या फुफीचा वाटा 1989 पासून अडला होता. ती आज सत्त्याहत्तर वर्षांची आहे. अर्जावर सही करताना तिने एवढंच विचारलं, "आता हे खरंच माझं का?"

ते पहिल्या दिवसापासून तिचंच होतं. तिला तसं सांगायला आम्हाला दोन पिढ्या लागल्या.